कॉम्प्युटरचा सातबारा: कोणत्या खात्याला किती अधिकार?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका कर सल्लागारांच्या ऑफिसातून संध्याकाळी सातला फोन आला. एका मोठ्या ग्राहकाचं सगळं फोल्डर गायब झालं होतं. मी पोचलो तेव्हा तिघंजण उभे होते आणि सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली मुलगी खुर्चीत बसून रडत होती. त्या कॉम्प्युटरवर शेवटी तीच बसली होती, म्हणजे तिनंच उडवलं, असा निकाल माझ्या आधीच लागला होता.

शोधायला वीस मिनिटं लागली. फोल्डर उडालं नव्हतं. कुणाच्या तरी हातून माउस ओढला गेला होता आणि ते फोल्डर शेजारच्या दुसऱ्या ग्राहकाच्या फोल्डरात जाऊन पडलं होतं. कुणाच्या हातून, ते मात्र सांगता येईना. चारही कॉम्प्युटर एकाच नावानं आणि एकाच पासवर्डनं उघडायचे, आणि तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. फोल्डर सापडलं, सगळे कामाला लागले. त्या मुलीची माफी कुणी मागितली नाही.

लहान ऑफिसांचे आणि ओळखीच्या घरांतले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, ज्याला जेवढं लागतं तेवढाच अधिकार द्या, असं मी म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: ‘आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत.’ मला वाटतं, घरचीच आहेत म्हणून तर हे करायचं. अधिकारांची वाटणी असती तर त्या संध्याकाळी ती मुलगी रडली नसती. तिच्या हातून ते होऊ शकत होतं की नाही, हे दोन मिनिटांत कळलं असतं.

ही वाटणी कॉम्प्युटर नेमकी कशी करतो, ते नीट समजून घेऊ. उदाहरणं विंडोजची घेतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत आणि ऑफिसांत तेच असतं.

तुमच्या नावानं कोण वागतं?

खातं म्हणजे कॉम्प्युटर उघडण्याचा पासवर्ड, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. खरा भाग त्याच्या पुढचा आहे. तुम्ही आत आलात की विंडोज तुमच्या नावाचं एक ओळखपत्र तयार करतं. तुम्ही कोण, कोणत्या गटांत आहात, तुम्हाला काय काय करायची मुभा आहे, हे त्यावर असतं. मग तुम्ही जो जो प्रोग्रॅम उघडता, त्याच्या गळ्यात त्या ओळखपत्राची प्रत अडकवली जाते. ब्राउझर उघडलात, त्याला प्रत मिळाली. ईमेलमधून आलेली ‘बिल’ नावाची फाइल उघडलीत आणि ती खरं तर प्रोग्रॅम निघाली, तर तिलाही मिळाली.

म्हणजे तुमच्या खात्यातला प्रत्येक प्रोग्रॅम तुमचा कुलमुखत्यार असतो. कुलमुखत्यारपत्र दिलं की तो माणूस आपल्या वतीनं जमीन विकूही शकतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरवर तेच चालतं. तुम्हाला जे जे करता येतं, ते ते तुमच्या नावानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला करता येतं. म्हणून ‘मला किती अधिकार हवेत’ हा प्रश्न विचारताना स्वतःच्या प्रामाणिकपणाचा विचार करून भागत नाही. आपण चुकून जे काही उघडू, त्याच्या हाती किती अधिकार जावेत, असा तो प्रश्न आहे.

मोबाइलवर हे थोडं वेगळं आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची वेगळी ओळख असते, जणू प्रत्येक अ‍ॅप हा वेगळा वापरकर्ता, आणि २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, संपर्क, लोकेशन वापरायच्या वेळी ते तुम्हाला विचारतं. तिथे अ‍ॅपला खास मुखत्यारपत्र मिळतं, कामापुरतं. कॉम्प्युटरवरचे बहुतेक जुने प्रोग्रॅम अजून कुलमुखत्यारपत्रावरच चालतात.

अ‍ॅडमिन हा मान नाही

विंडोजमध्ये मुख्य खाती दोन प्रकारची: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. स्टँडर्ड खात्यात काय जमत नाही याची लोकांना उगाच धास्ती असते. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, छपाई, वाय-फाय जोडणं, स्वतःचा पासवर्ड बदलणं, हे सगळं त्यात जमतं. विंडोजचे अपडेटसुद्धा येत राहतात. काही प्रोग्रॅम तर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतात, त्यांना परवानगीच लागत नाही. अडतं कुठे, तर सगळ्यांवर परिणाम करणाऱ्या गोष्टींत: सर्वांसाठी प्रोग्रॅम बसवणं, नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, टाकणं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर टाकणं, कॉम्प्युटरचं घड्याळ बदलणं, दुसऱ्याचं खातं उघडून बघणं. ऑफिसात यातलं काम महिन्यातून किती वेळा पडतं? माझ्या अनुभवात एखाद वेळा.

मग सगळीकडे सगळेच अ‍ॅडमिन का? याला इतिहास आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची खिडकी यायची, पण एस्केप दाबलं की सरळ आत जाता यायचं. तिथे खात्यांमध्ये भिंत अशी नव्हतीच. खरी भिंत विंडोज एनटीमध्ये होती, १९९३ पासून, पण ते ऑफिसांतल्या मोठ्या यंत्रणेसाठी होतं. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि एनटीचा तो पाया घराघरांत पोचला. भिंत आली, पण सुरुवातीला बनवलेलं प्रत्येक खातं अ‍ॅडमिनच असायचं. लोकांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, सवयी लावून घेतल्या. घरमालक आहे म्हणून अ‍ॅडमिन, साहेब आहेत म्हणून अ‍ॅडमिन, ही समजूत तेव्हाची.

२००७ मध्ये व्हिस्टा लोकांच्या हाती आलं आणि पडदा अंधारून मधोमध प्रश्न विचारणारी ती खिडकी आली: या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? हिला यूएसी म्हणतात. लोकांना तिचा वैताग आला, म्हणून विंडोज ७ मध्ये ती कमी-जास्त करायची चार पायऱ्यांची पट्टी मिळाली. ही खिडकी काय करते ते समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅडमिन खात्यानं आत आलात तरी विंडोज दोन ओळखपत्रं बनवतं, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. रोजचं काम साध्यावर चालतं, पूर्ण अधिकाराचं खिशात राहतं. पडदा अंधारतो तेव्हा विंडोज विचारत असतं, खिशातलं काढून देऊ का?

अ‍ॅडमिन खात्यात ‘येस’ दाबलं की काम झालं. स्टँडर्ड खात्यात मात्र तिथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. फरक एवढाच दिसतो, पण तो फार मोठा आहे. ‘येस’ दाबायला बोटाला अर्धा सेकंद लागतो आणि डोळे वाचतही नाहीत. पासवर्ड टाकायला माणसाला थांबावं लागतं, ज्याच्याकडे तो आहे त्याला बोलवावं लागतं. तो येऊन विचारतो, ‘हे काय बसवतोयस?’ या एका प्रश्नावर अर्धी संकटं टळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि अ‍ॅडमिन खात्यातली ही खिडकी म्हणजे पक्की भिंत, असं खुद्द मायक्रोसॉफ्टही मानत नाही. तिला वळसा घालणारे प्रोग्रॅम निघत आले आहेत. स्वतंत्र स्टँडर्ड खातं हाच खरा आडोसा.

म्हणून माझा आग्रह असतो की मालकानंसुद्धा रोज स्टँडर्ड खात्यातच बसावं. अ‍ॅडमिन खातं वेगळं ठेवावं, त्यात ईमेल उघडू नये, ब्राउझर चालवू नये.

हे करताना क्रम महत्त्वाचा, कारण बरेच जण उलटं करतात. ते नवीन स्टँडर्ड खातं बनवतात, मग डेस्कटॉप रिकामा दिसतो, फाइली सापडत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी परत जुन्या खात्यात. सोपं असं करा: सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग अदर यूझर्स. तिथे एक नवं खातं बनवा. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल. या माणसाची माहिती माझ्याकडे नाही असा पर्याय आणि पुढे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय असा पर्याय निवडला की साधं खातं बनतं. नाव ‘दुरुस्ती’ ठेवा. लोक ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘मालक’ ठेवतात आणि मग त्यातच बसावंसं वाटतं. चेंज अकाउंट टाइपमध्ये जाऊन या नव्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. एकदा त्यात शिरून पासवर्ड चालतो हे स्वतः बघा. त्यानंतरच तुमचं जुनं, रोजचं खातं स्टँडर्ड करा, बाहेर पडा, परत आत या. तुमच्या फाइली, वॉलपेपर, ब्राउझरमधल्या खुणा सगळं जागच्या जागी असतं, फक्त अधिकार कमी झालेला असतो. ‘दुरुस्ती’चा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात कागदपत्रांबरोबर ठेवा. पिवळी चिठ्ठी मॉनिटरला नको.

मॅकवरही अ‍ॅडमिन आणि स्टँडर्ड याच नावांची खाती आहेत. लिनक्सवाले एखाद्या कामापुरता जास्तीचा अधिकार मागायला ‘सुडो’ ही आज्ञा वापरतात, तिथेही विचार हाच. घरात लहान मुलं असतील तर मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सोयीतून मुलाचं वेगळं खातं काढता येतं, वेळेची मर्यादाही घालता येते. त्यावर जास्त लिहीत नाही. मुलाला आधी समजावून सांगून हे केलं तर टिकतं, गुपचूप केलं तर तो वाट काढतो.

फोल्डरचा उतारा

इथपर्यंतचं बरेच जण करतात आणि थांबतात. खाती वेगळी झाली म्हणजे फाइली सुरक्षित झाल्या, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, आणि याचं कारण आपल्या सवयीत आहे: डेटा डी ड्राइव्हमध्ये ठेवायचा.

सी ड्राइव्हमध्ये प्रत्येक खात्याचं स्वतःचं फोल्डर असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स त्यातच. दुसरं स्टँडर्ड खातं तिथे डोकावू शकत नाही. पण डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर बनवलंत तर त्याच्यावर मुळातच असा नियम लागतो की या कॉम्प्युटरवर खातं असलेल्या कुणालाही ते वाचता, बदलता आणि पुसता येतं. डी मधलं ‘पगार’ नावाचं फोल्डर, घरातलं ‘आईची कागदपत्रं’ नावाचं फोल्डर, सगळ्यांना खुलं. हे ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो, कारण वर्षानुवर्षं त्यांनी तिथेच सगळं ठेवलेलं असतं.

प्रत्येक फोल्डरला आणि प्रत्येक फाइलला स्वतःचा सातबारा असतो, असं समजा. सातबाऱ्यावर जमिनीचा भोगवटादार असतो आणि बाजूला ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो, ज्यात कुळ, बोजा, वाटेचा हक्क अशा नोंदी असतात. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग सिक्युरिटी उघडा. वर नावांची यादी, खाली त्यातल्या प्रत्येकाला काय करता येतं ते. अ‍ॅडव्हान्स्ड दाबलंत की सगळ्यात वर ओनर, म्हणजे भोगवटादार. या भोगवटादाराचं महत्त्व असं की इतर नोंदींत त्याचं नाव नसलं तरी नोंदी बदलण्याचा हक्क त्याला असतोच. आणि अ‍ॅडमिनला जरूर पडली तर तो भोगवटादारच बदलून स्वतःचं नाव लावू शकतो.

हे सातबाऱ्यासारखं आहे, आठ-अ सारखं नाही. आठ-अ च्या खातेउताऱ्यात एका माणसाच्या सगळ्या जमिनी एकत्र दिसतात. मालक मला विचारतात, ‘या मुलाला आमच्याकडचं काय काय उघडता येतं, ते सांगा.’ असा उतारा विंडोज एका झटक्यात देत नाही. नोंद माणसाकडे नसते, फोल्डरकडे असते. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस नावाचा भाग आहे, तिथे माणसाचं नाव टाकलं की त्या एका फोल्डरपुरतं उत्तर मिळतं. म्हणून फोल्डरांची मांडणी आधीपासून मोजकी आणि स्पष्ट हवी. ज्या ऑफिसात चाळीस फोल्डरांना चाळीस वेगळे नियम लावलेले असतात, तिथे वर्षभरानं कुणालाच काही सांगता येत नाही.

अधिकारांचे शब्द पाच-सहा आहेत, त्यातले तीन समजले की पुरतं. रीड म्हणजे वाचता येतं. मॉडिफाय म्हणजे वाचता, लिहिता, पुसता येतं. फुल कंट्रोल म्हणजे शिवाय हा उताराच बदलता येतो. कर्मचाऱ्याला फुल कंट्रोल देण्याची गरज मला आजवर एकदाही पडलेली नाही, तरी दहापैकी नऊ ठिकाणी तेच दिलेलं सापडतं, कारण तिथे एक खूण केली की खालच्या सगळ्या आपोआप होतात.

राइट नावाचा एक अधिकार दिसतो. ‘लिहू दे, पण पुसू देऊ नको’ असा विचार करून लोक रीड आणि राइट देतात, आणि लगेच तक्रार येते की एक्सेलची फाइल सेव्ह होत नाही. याचं कारण एक्सेलच्या सेव्ह करण्याच्या पद्धतीत आहे. ते जुन्या फाइलीत बदल लिहीत बसत नाही. शेजारी एक तात्पुरती फाइल बनवतं, तिच्यात सगळं उतरवतं, मग जुनी पुसून नवीला जुन्याचं नाव देतं. पुसण्याचा अधिकार नसेल तर हे अडतं. फाइलींवर मॉडिफाय द्यावाच लागतो.

मग फोल्डर ओढलं जाण्याचं दुखणं कसं थांबवायचं? त्या कर सल्लागारांच्या ऑफिसात आम्ही यावर एक दुपार घालवली. फोल्डर हलवायचं म्हणजे जुन्या जागेवरून पुसायचं. तेव्हा ग्राहकाच्या मुख्य फोल्डरावरून पुसण्याचा अधिकार काढायचा आणि त्याच्या आतल्या फाइलींवर ठेवायचा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रत्येक नोंदीला ‘अप्लाइज टू’ असा पर्याय असतो, म्हणजे ही नोंद या फोल्डराला, की आतल्या फोल्डरांना, की फक्त फाइलींना. तिथून हे साधतं. केलं, ओढून बघितलं, विंडोजनं नकार दिला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. नवीन ग्राहक आला होता, त्याच्या नावाचं फोल्डर बनवायला गेले तर ते ‘न्यू फोल्डर’ याच नावानं बनलं आणि नाव बदलता येईना. नाव बदलणं हेसुद्धा विंडोजच्या हिशेबात पुसण्याच्या अधिकाराखाली येतं, हे मला माहीत असूनही सुचलं नव्हतं. शेवटी ठरलं की नव्या ग्राहकाचं फोल्डर ऑफिसातल्या सर्वांत जुन्या बाई बनवतील. त्यांना तेवढा जास्तीचा अधिकार. सगळ्यांना विचारूनच ठरवलं, म्हणून कुणाला ते खटकलं नाही.

वारसाही इथे आहे. वरच्या फोल्डरच्या नोंदी खालच्यांना आपोआप लागतात. ‘पगार’ फोल्डर यातून बाहेर काढायचं तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये डिसेबल इन्हेरिटन्स दाबायचं. तेव्हा विंडोज विचारतं, वारशानं आलेल्या नोंदी कायम करून ठेवू की सगळ्या काढून टाकू? कायम करा, मग नको ती नावं एकेक काढा. सगळ्या एकदम काढल्या तर ते फोल्डर क्षणभर कुणाचंच उरत नाही आणि घाम फुटतो.

दोन गोष्टी जपून. पहिली, डिनाय. अधिकार न देणं वेगळं आणि स्पष्ट नकार लिहिणं वेगळं. नकार सहसा परवानगीवर मात करतो. एकदा एकानं ‘एव्हरीवन’ या नावापुढे डिनायची खूण केली. एव्हरीवनमध्ये तो स्वतःही होता. बाहेर तोच राहिला. नाव यादीतून काढलं की काम होतं, डिनायला हात लावायची वेळ क्वचितच येते. दुसरी, फाइल हलवणं. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल कट-पेस्ट केली तर ती बहुतेक वेळा जुन्या जागेचे अधिकार बरोबर घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या जागेचे लागतात. ‘पगार’मधली फाइल बाहेर आणली तरी इतरांना उघडत नाही, किंवा उघड्या फोल्डरातली ‘पगार’मध्ये टाकली तरी उघडीच राहते, हा गोंधळ यातून होतो. कॉपी करा आणि मग जुनी पुसा.

फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं की आणखी एक दार येतं. शेअरचे अधिकार म्हणजे गावची वेस, सिक्युरिटीमधले म्हणजे घराचा दरवाजा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावे लागतात आणि जिथे जास्त कडक असेल तेच चालतं. वेशीवर फक्त रीड असेल तर घरात मॉडिफाय देऊन उपयोग नाही. ‘सगळे अधिकार दिले तरी सेव्ह होत नाही’ या तक्रारीत मी आधी वेस बघतो.

एकाच नावात चौघं

एकच खातं सगळ्यांनी वापरण्याचा धोका फार जुना आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात सीटीएसएस नावाची यंत्रणा होती. एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, आणि त्यासाठी प्रत्येकाला पासवर्ड, ही पद्धत तिथे सुरू झाली. तिचे प्रमुख फर्नांडो कोर्बातो यांनी १९६६ मधला एक प्रसंग पुढे ट्युरिंग या संगणकशास्त्रातल्या मोठ्या पारितोषिकाच्या भाषणात सांगितला. यंत्रणा सांभाळणाऱ्यांना सोयीसाठी एकच डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, एकत्र वापरायला दिली होती. एकजण त्या दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल बदलत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचं नाव एकच झालं आणि अदलाबदल होऊन, जो आत येईल त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. त्याच एमआयटीमधल्या जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये सुरक्षेची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं एक आजही प्रत्येक ठिकाणी शिकवतात: प्रत्येक प्रोग्रॅमनं आणि प्रत्येक वापरकर्त्यानं कामाला लागतात तेवढ्याच किमान अधिकारांवर चालावं.

आपल्याकडे याला आता कायद्याचीही बाजू आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती बंद करता येता कामा नये. पण चौघं एकाच नावानं आत येत असतील तर त्या नोंदीत प्रत्येक बदलापुढे एकच नाव येणार. नोंद असूनही काही कळणार नाही. म्हणून विंडोजमध्येच नाही, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येकाचं खातं वेगळं हवं.

माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा त्याचं खातं लगेच पुसू नका. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो, ‘एस-१-५-२१’नं सुरू होणारा आणि बहुधा १००१, १००२ अशा आकड्यानं संपणारा. उताऱ्यांवर खरी नोंद या क्रमांकाची असते. खातं पुसलंत आणि त्याच नावानं परत बनवलंत तर क्रमांक नवा मिळतो, आणि जुन्या फाइली त्या नव्या माणसाला ओळख दाखवत नाहीत. सिक्युरिटीच्या यादीत नावाऐवजी नुसते आकडे दिसले की समजावं, इथे कुणाचं तरी खातं पुसलं गेलंय. आधी खातं बंद करावं, पासवर्ड बदलावा, त्याच्या फोल्डरातलं कामाचं बाहेर काढावं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुसावं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत गट बनवण्याची सोय आहे. ‘हिशेब’, ‘कार्यालय’ असे गट करून अधिकार गटाला दिले तर माणूस गेला-आला तरी फोल्डरांना हात लावावा लागत नाही, फक्त गटातलं नाव बदलतं. होम आवृत्तीत ही खिडकी मिळत नाही, म्हणून चार-पाच माणसांच्या ऑफिसानं प्रोच घ्यावं असं मी सांगतो.

या सगळ्यानं काय होत नाही, तेही सांगायला हवं. फाइल पेन ड्राइव्हवर गेली की उतारा मागेच राहतो. पेन ड्राइव्ह बहुधा ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात, त्यात अधिकारांच्या नोंदीला जागाच नसते. लॅपटॉप चोरीला गेला आणि कुणी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर तिथला अ‍ॅडमिन सगळं वाचू शकतो. त्यावर उपाय डिस्क कुलूपबंद करण्याचा, प्रोमध्ये बिटलॉकर, आणि त्याची रिकव्हरी की छापून जपण्याचा. फोनवर गोड बोलून स्क्रीन बघायचं अ‍ॅप उघडायला लावणारा भामटाही स्टँडर्ड खात्यानं पूर्ण अडत नाही, कारण स्क्रीनवर जे आपल्याला दिसतं ते त्यालाही दिसतं. आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम ज्याच्या खात्यात शिरतो, त्याला जे जे बदलता येतं ते ते सगळं बिघडवतो. चौघांना सगळीकडे मॉडिफाय असेल तर एकाच्या चुकीत चौघांचं जातं. वाटणी असेल तर एका टेबलापुरतं राहतं. म्हणून बॅकअपची डिस्क रोजच्या खात्यांना लिहिता येईल अशी ठेवू नये. बॅकअपसाठी वेगळं खातं असावं आणि तिथे लिहिण्याचा अधिकार त्यालाच.

त्या ऑफिसात एप्रिलमध्ये चार खाती झाली, आणि साहेबांनी स्वतःचंही रोजचं खातं स्टँडर्ड करून घेतलं. शेवटचं खातं त्या मुलीचं होतं. तिला म्हटलं, ‘आता तुझा पासवर्ड टाक, तुला हवा तो.’ तिनं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजवर तिथे कुणाचा स्वतःचा असा पासवर्ड नव्हताच. साहेब म्हणाले, ‘आम्हाला सांगायचा नाही बरं का,’ आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. तिचं टाइप करून होईपर्यंत मीही खिडकीबाहेर बघत राहिलो.